खान्देशात राहून बँडचा अल्बम कसा काढायचा: पहिल्या तालमीपासून रिलीजच्या शुक्रवारपर्यंत

आमच्याकडे बँड म्हटलं की आधी लग्नातला बँड आठवतो. गाडीवर कीबोर्ड, भोंगे, पुढे ढोल-ताशा आणि नाचणारी वऱ्हाडी मंडळी. आम्ही पाच जण मात्र अहिराणीत आणि मराठीत स्वतःची पॉप गाणी करतो आणि आमचा आठ गाण्यांचा अल्बम जळगावात एका घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड होऊन बाहेर आला. तेव्हापासून धुळे, चोपडा, शहाद्याकडची पोरं-पोरी विचारत असतात, भाऊ अल्बम कसा काढायचा, कितला दिन लागतस, पुण्या-मुंबईला जावंच लागतं का. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय, आम्हाला हे सांगणारं कोणी नव्हतं आणि त्यापायी आमचं एक वर्ष गेलं.

सगळ्यात महत्त्वाचं ते आधीच सांगतो. रिलीजची तारीख सगळ्यात शेवटी ठरवायची, फायनल मास्टर, म्हणजे गाण्याची रिलीजला तयार झालेली शेवटची फाइल, हातात आल्यावरच. आम्ही उलटं केलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अल्बम येणार म्हणून पोस्टर टाकून मोकळे झालो तेव्हा दोन गाणी गाऊनसुद्धा झाली नव्हती, आणि मग पुढची प्रत्येक गोष्ट त्या तारखेच्या मागे धावत केली.

स्टुडिओच्या आधीचं काम

गाणी किती पाहिजेत? स्पॉटिफायवर साधारण सात किंवा जास्त गाणी असली, किंवा एकूण वेळ अर्ध्या तासाच्या वर गेला, तर तो अल्बम धरला जातो, चार ते सहा गाणी असली तर ईपी, म्हणजे छोटा अल्बम. तुमच्याकडे पाच चांगली आणि तीन भरतीची गाणी असतील तर ईपी काढा, खरंच सांगतो, भरतीचं गाणं लोक लगेच ओळखतात.

प्रत्येक गाण्याची पट्टी गायक उभा राहून, पूर्ण आवाजात, सलग तीन वेळा गाऊन ठरवायची. बसून गुणगुणताना काळी चार सोपी वाटते आणि माईकसमोर दहाव्या टेकला तीच अंगावर येते. आमच्या दोन गाण्यांच्या पट्ट्या रेकॉर्डिंगच्या दिवशी खाली आणाव्या लागल्या, गिटारचे सगळे कॉर्ड बदलले, अर्धा दिवस गेला. आणि गाण्यात पावरी, म्हणजे आपल्याकडचं फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य, घेणार असाल (घ्याच, नंदुरबारकडचे वादक काय वाजवतात ते समोर बसून ऐका एकदा) तर लक्षात ठेवा की पावरीचे सूर बनवतानाच ठरलेले असतात, ती तुमच्या पट्टीत येणार नाही, तुम्हालाच तिच्या पट्टीत जावं लागेल. म्हणून आधी पावरीवाल्याकडे जा, मोबाईलच्या ट्यूनरवर तिचा मूळ सूर बघा आणि मग गाणं बसवा.

क्लिकवर वाजवायची सवय हा सगळ्यात मोठा विषय आहे. क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये टिक-टिक वाजणारी लय, तिच्यावर सगळे वाजवतात म्हणून नंतर तुकडे जोडता येतात. आमचा ढोलकीवाला वीस वर्षं भजनात वाजवतोय, हात सोन्याचा, पण भजनात शेवटाकडे लय चढतेच, ती चढायलाच पाहिजे, आणि क्लिक तर चढत नाही. पहिल्या दिवशी त्याने हेडफोन काढून ठेवला. मग आम्ही टिक-टिक काढली आणि तिच्या जागी त्यानेच वाजवलेला चार मात्रांचा एक तुकडा लूप करून त्याच्या कानात दिला, स्वतःच्याच हातावर वाजवायला त्याला अडचण आली नाही. जिथे लय चढल्याशिवाय गाण्याला मजाच नाही तिथे शेवटच्या कडव्यात क्लिकच दोन-तीन बीपीएमने (म्हणजे मिनिटाला तेवढ्या ठोक्यांनी) वाढवून टाका, बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ते जमतं. महिनाभर तरी अशी तालीम पाहिजे. स्टुडिओत शिफ्टचे पैसे लागतात, घरच्या ओसरीवर लागत नाहीत.

कागद, आणि तोही पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधी

मित्रामित्रांत कशाला लिहायचं, असं सगळ्यांना वाटतं. आम्हालाही वाटलं होतं. एका गाण्याचा मुखडा माझा, चाल दुसऱ्याची आणि कडव्यातल्या दोन ओळी तिसऱ्याने तालमीत बसल्याबसल्या सुचवलेल्या, आता गीतकार कोण? गाणं चालल्यावर हे विचारलं की भांडण होतं, आधी विचारलं की चहा पिता-पिता मिटतं. प्रत्येक गाण्यापुढे शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाजवलं कोणी आणि कोणाला किती टक्के, एवढं एका कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि फोटो ग्रुपवर टाका.

यात दोन हक्क वेगवेगळे आहेत हे समजून घ्या. शब्द आणि चाल हा एक, आणि रेकॉर्डिंग हा दुसरा. रेकॉर्डिंगचा मालक सहसा ज्याने पैसे लावले तो. एखादी कंपनी किंवा चॅनेलवाला रोख रक्कम देऊन सगळे हक्क आम्हाला लिहून द्या म्हणाला तरी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी जात नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. आपल्याकडची पोरं पाच-दहा हजारात गाणं देऊन मोकळी होतात, त्यांनी हे माहीत करून घेतलंच पाहिजे. गीतकार-संगीतकारांची सोसायटी म्हणजे आयपीआरएस, ती १९६९ पासून आहे, तिचं सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा, नुसतं ऑनलाइन अपलोड केल्याने ती नोंद होत नाही.

दुसऱ्याचं गाणं नव्याने करायचं असेल तर नीट परवानगी काढा. कायद्यात कव्हरसाठी जी वाट आहे ती पहिलं रेकॉर्डिंग झालेलं वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी उघडते, आणि तेव्हाही निदान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, म्हणजे आपल्यासारख्यांनी सरळ मालकाशी बोललेलं बरं. बहिणाबाईंचं बरेच जण विचारतात. त्या १९५१ मध्ये गेल्या, कविता पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आल्या, त्याला साठ वर्षं होऊन गेली, त्यामुळे शब्द आता सगळ्यांना खुले आहेत. पण ज्या चाली आपल्या कानात बसल्यात त्या संगीतकारांच्या आहेत, म्हणून चाल स्वतःची लावा.

आणि कानबाई देवीची, आखाजीची गाणी, जात्यावरच्या ओव्या? ती कोणा एकाची नाहीत, घेता येतात. फक्त क्रेडिटमध्ये 'पारंपरिक' लिहा आणि ज्या आजीकडून, मावशीकडून गाणं मिळालं तिला विचारून तिचं नावही टाका, नको म्हणाली तर नको. ते गाणं तिने साठ वर्षं तोंडपाठ ठेवलंय.

रेकॉर्डिंग

जमलं तर डिसेंबर-जानेवारीत करा. यामागचं कारण अगदी साधं आहे, तेव्हा पंखा लागत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ अंश चढतं, कूलर चालू ठेवला तर प्रत्येक ट्रॅकमध्ये त्याची घरघर येते आणि बंद केला तर गायकाचा घाम माईकवर पडतो. आम्ही उन्हाळ्यातच अडकलो, मग रात्री दीड ते पहाटे पाच अशी वेळ धरली. कुत्री भुंकायची पण ट्रॅफिक नसायचा. पहाटे पाचला दूधवाल्याची गाडी आली की काम बंद.

खोली कशी निवडायची तर मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीच्या मागे 'टँग' असा आवाज राहिला तर ती खोली तशीच चालणार नाही. पत्र्याचं छप्पर असेल तर विसराच. स्लॅबची खोली असेल तर दोन भिंतींना गोधड्या लटकवा, गायकाच्या पाठीमागे एक जाड गादी उभी करा (पाठीमागे, कारण माईकचं तोंड तिकडे असतं), खाली सतरंजी. आम्ही तर कापसाने भरलेल्या दोन गोण्या कोपऱ्यांत ठेवल्या होत्या, घरी वेचणीचा कापूस पडून होताच, आणि खोलीतली घुमणारी खर्जाची गुंज बऱ्यापैकी कमी झाली.

सामान फार लागत नाही. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा), एक कंडेन्सर माईक, ढोलकी-गिटारसाठी शुअर एसएम ५७ सारखा एक डायनॅमिक, बंद कानाचे दोन हेडफोन आणि लॅपटॉप. सॉफ्टवेअर म्हणून रीपर घ्या, ६० दिवस फुकट वापरून बघता येतं आणि छोट्या लायसन्सला ६० डॉलर पडतात, क्रॅक सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, ऐन टेकमध्ये बंद पडतं. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि आवाज मुद्दाम कमी ठेवा, सगळ्यात जोरात गातानाही मीटर उणे १० डेसिबलच्या आसपासच राहिला पाहिजे. लाल दिवा एकदा लागला की तो फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. हेडफोनमध्ये 'हुंऽऽ' अशी गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, आमच्याकडे घराघरांत अर्थिंगची बोंब असते, बहुतेक वेळा तेच निघतं.

ढोलकीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथेच आमची तीन गाणी परत करावी लागली. कोरड्या उन्हात कातडं ताणलं जातं आणि सूर वर चढतो, पावसाळी हवेत पान सैल पडून उतरतो. रात्री दोनला लावलेली ढोलकी चारला तीच राहत नाही. प्रत्येक टेकच्या आधी तानपुरा ॲप लावून एक थाप मारा, ऐका, मगच पुढे. दोन माईक असतील तर एक चाटीपासून (बारीक आवाजाची बाजू) वीतभर अंतरावर थोडा तिरका आणि दुसरा धुमीच्या (जाड आवाजाच्या) बाजूला. पावरीला मात्र तीन-चार फूट लांबून घ्या, तिचा आवाज खोली भरून टाकतो.

गाताना माईक आणि तोंडात एक वीत अंतर, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे 'प', 'फ' चे फुत्कार अडवणारी जाळी. तीन-चार पूर्ण टेक घ्या आणि मग त्यातल्या चांगल्या ओळी निवडा, एकेक शब्द पंचवीस वेळा गाऊन घेतला की गाण्यातला जीव जातो. रोजच्या रोज सगळ्या फाइलींच्या तीन कॉप्या, एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या कोणाच्या तरी घरी. एका गावातल्या स्टुडिओत आम्ही आधी दोन गाणी केली होती, त्यांचा कॉम्प्युटर बसला आणि आमच्याकडे कॉपी नव्हती. ती गाणी गेली ती गेलीच.

मिक्सिंग आणि मास्टरिंग

इथे मात्र मी म्हणेन की बाहेर पैसे खर्च करा. रेकॉर्डिंग घरी चालतं, मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करून आवाज जुळवणं, अनुभवी माणसाकडून करून घ्या. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारी वेगळी वेव्ह फाइल म्हणून द्या, फाइलला नाव नीट द्या, 'ऑडिओ ४७' बघून कोणाला काही कळत नाही, आणि सोबत बीपीएम, पट्टी, शब्द लिहून द्या. शब्द म्हणजे अहिराणी आणि खाली साधा मराठी अर्थ. आमचा मिक्सिंगवाला पुण्याचा, माणूस फार चांगला, पण त्याला 'जाई ऱ्हायनू' मधला 'ऱ्ह' हा श्वासाचा आवाज वाटला आणि त्याने तो प्रत्येक ठिकाणी साफ केला. त्याची चूक नाही, आम्ही शब्दच दिले नव्हते.

मिक्स आला की बँडमधून एकानेच त्याच्याशी बोलायचं. पाच जणांनी पाच मेसेज केले की ढोलकी वर-खाली होत राहते. दोन दिवस काहीच ऐकू नका, मग एका वहीत वेळेसकट लिहा, एक मिनिट दहाला बासरी जास्त, असं. आणि ऐकायचं कुठे तर आपले लोक ऐकतात तिथे, मोबाईलच्या स्पीकरवर, मोटारीत आणि ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टरवर तर ऐकाच. सीटमागे बसवलेला मोठा स्पीकर, खाली इंजिनाचा आवाज, अशात शब्द कळले तर मिक्स झाला समजा. आमचा बेस त्या इंजिनात पूर्ण बुडत होता, मग बेसला थोडा वरचा खरखरीत सूर जोडून घेतला.

मास्टर मागताना फक्त जोरात वाजवून दे म्हणू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (लफ्स हे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) पातळीवर आणून वाजवतं, फार दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच खेचलं जातं आणि दाबल्याची खोट तेवढी राहते. शिखर उणे एक डेसिबलच्या खाली ठेवायला सांगा. आणि त्याच वेळी प्रत्येक गाण्याचा मायनस ट्रॅक, म्हणजे गायन काढलेला, मागून ठेवा, तो किती कामाचा आहे ते पुढे सांगतो.

आता रिलीज

मास्टर हातात आला. आता कॅलेंडर काढा आणि निदान चार आठवडे पुढचा शुक्रवार बघा. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवीन गाणी सहसा शुक्रवारी येतात. खान्देशापुरतं बघायचं तर आखाजी, लग्नसराई आणि श्रावणातली कानबाई हे आपले मोसम, पण पेरणीच्या धांदलीत कोणाला वेळ नसतो.

स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिकवर गाणं आपण थेट टाकत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी अशा बऱ्याच कंपन्या आहेत. काहींना दरवर्षी पैसे भरावे लागतात आणि भरायचे थांबले की गाणी खाली उतरू शकतात, काही एकदाच घेतात आणि कमाईतला वाटा कापतात, अटी शेवटपर्यंत वाचून निवडा. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरी कोड मिळतो आणि अख्ख्या अल्बमला यूपीसी नावाचा कोड, ते बहुतेक डिस्ट्रिब्युटरच देतो. आयएसआरसी वहीत लिहून ठेवा. आधी एक-दोन गाणी सिंगल म्हणून काढली आणि नंतर अल्बममध्ये तोच कोड, तोच ऑडिओ वापरला तर आधीचे ऐकले गेलेले आकडे तसेच राहतात, आणि आठ गाणी एकदम टाकून सात दुर्लक्षित राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बँडचं नाव आधी सगळीकडे शोधून बघा. आमच्या नावाचा आधीच कोणीतरी कलाकार होता, आम्ही चार दिवस आधी घाईत अपलोड केलं आणि दोन गाणी त्याच्या प्रोफाइलवर जाऊन बसली, सोडवायला तीन आठवडे लागले. गाण्याचं नाव देवनागरीत द्यायचं की रोमनमध्ये ते एकदा ठरवा आणि स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. भाषेच्या यादीत अहिराणी नसेल तर मराठी निवडा आणि वर्णनात अहिराणी हा शब्द आवर्जून लिहा. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा इन्स्टाचं नाव टाकलं तर परत येतं.

अपलोड पास झालं की स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्सवर जाऊन एक गाणं प्लेलिस्टसाठी पिच करा, म्हणजे सुचवा, रिलीजच्या निदान सात दिवस आधी, म्हणजे निदान तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांच्या यादीत) तरी ते जातं. यूट्यूबचा कंटेंट आयडी, म्हणजे दुसऱ्यांच्या व्हिडिओत तुमचं गाणं ओळखणारी सोय, चालू करायच्या आधी बघा की गाण्यात फुकट डाऊनलोड केलेले लूप आहेत का, असतील तर चालू करू नका, तेच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या गाण्यावर तुमचा क्लेम पडतो आणि भांडण तुमच्याकडे येतं.

पैशांचं खरं ते सांगतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजली जाते आणि २०२४ पासून वर्षभरात हजार स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याची रॉयल्टी सुरूच होत नाही. त्यामुळे ऐकणारे इथेच, आपल्या गावांत शोधायचे. आता तो मायनस ट्रॅक काढा. लग्नाच्या बँडवाल्यांकडे जा, बँड मास्तरला गाणं ऐकवा, पट्टी सांगा आणि पेन ड्राइव्हवर मायनस आणि पूर्ण गाणं दोन्ही द्या, पैसे मागू नका. आमचं चौथं गाणं आम्ही पोस्ट-रील करून जेवढं पोहोचवलं त्यापेक्षा जास्त ते एका मोसमात दोन बँडवाल्यांनी अमळनेर-पारोळा पट्ट्यात पोहोचवलं. वरातीत नाचलेलं पोरगं रात्री घरी जाऊन ते गाणं शोधतंच.

कार्यक्रम करायचा तर हॉल भाड्याने घ्यायची गरज नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी ठेवा, कळण्याच्या पुऱ्या, वांगी वाळलेल्या काटक्यांवर भाजायला लावा आणि तेवढ्या तासाभरात अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत क्रमाने लावा. तीस माणसं पुरतात. कोणत्या गाण्याला माणसं बोलायची थांबतात ते बघा, पुढचा व्हिडिओ त्याच गाण्याचा करा.

आणि ती आखाजीची तारीख गाठायच्या घाईत काय झालं, ते शेवटी सांगतो. अल्बममधलं एक गाणं अमळनेरजवळच्या एका आजीकडून मिळालेलं, आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकीचं. रिलीजच्या दिवशी आम्ही मोबाईल घेऊन तिच्याकडे गेलो. तिने डोळे मिटून ऐकलं, परत लाव म्हणाली, परत ऐकलं आणि म्हणाली, "हाई गानं आंडेरनं शे रे भो, तुम्ही आंडोर कसं म्हनतस?" आमच्या गायकाच्या घरी अहिराणी बोलत नाहीत, ध्रुवपदात लय जलद, त्याचा 'डे' चा 'डो' झाला होता आणि लेकीचं गाणं मुलाचं झालं होतं. पाचही जणांनी शंभर वेळा ऐकलं होतं ते. रिलीज झालेल्या गाण्याचा ऑडिओ बदलायचा म्हणजे बहुतेक वेळा ते खाली उतरवून नव्याने टाकावं लागतं, आम्ही तसंच केलं, ध्रुवपद परत गाऊन घेतलं, दीड महिना गेला आणि पहिले आकडे गेले. जळगावहून तिचं गाव दीड-दोन तासांवर आहे. मास्टरला पाठवायच्या आधी रफ मिक्स मोबाईलमध्ये घ्या आणि अशा माणसाकडे जाऊन ऐकवून या.